क्ष न लिहिता

रामबागेत माझं झेरॉक्सचं दुकान.
संध्याकाळी मशीन तापलेलं असतं
आणि काउंटरच्या आत, पालथ्या खोक्यावर बसून
वेदश्री वाचते पाचवीचं गणित, मोठ्यानं, हिंदीतून:
पिता की आयु पुत्री की आयु की चार गुनी है,
पिता चालीस के हैं,
कितने वर्ष बाद दो गुनी रह जाएगी?

वहीत तिनं पाच लिहून खोडलंय.
चौपटीची दुप्पट, म्हणजे निम्मं करायचं,
दहाचे पाच. मग स्वतःच म्हणाली,
"वर्षांनी मी लहान कशी होईन?"

मी पेन उचललं. समजा, क्ष वर्षांनी…
तिनं कागदावर पंजाच ठेवला.
"क्ष नाही पप्पा. ते मोठ्या वर्गात.
मॅडम म्हणाल्या, त्याच्याशिवाय करून दाखवा."

क्षणभर काही सुचेना.
(क्षणातही तो आहेच, बसलेला.)
तीस वर्षं मी जे जे अडलं
ते त्याच्या झोळीत टाकून मोकळा होत आलो,
दुकानाचं भाडं, कर्जाचा हप्ता,
समजा क्ष, समजा क्ष.

"भिया, दोन कॉपी, दोन्ही बाजूंनी."
गिऱ्हाईक. एक प्रत तिरकी आली, वाया गेली.
तीच घेतली, कात्रीनं पट्ट्या कापल्या.
एक बोटभर: ही तू.
तशाच चार, डिंकानं एकापुढे एक: हा मी.
कुणाच्या तरी वीजबिलाचे अर्धे आकडे
आमच्या अंगावर छापलेले.
"पुढच्या वर्षी काय होईल?"

तिनं नखाएवढा तुकडा स्वतःला जोडला,
नखाएवढा मला.
पुन्हा एक, पुन्हा एक.
आणि मी गप्प बसलो.
हे सगळ्यात अवघड, कुणी सांगत नाही.
उत्तर जिभेवर आलेलं असतं,
ते सुपारीसारखं गालात धरून ठेवायचं.

पट्ट्या तिनं डावीकडून एका रेषेत लावल्या.
माझी उजवीकडे पुढे आलेली, तीन बोटं.
पाच तुकडे जोडले. तीन बोटं.
सात जोडले.
"हा पुढचा भाग हलतच नाही!"
असं म्हणाली, जसं काही
मी मुद्दाम तो धरून ठेवलाय.

मग बराच वेळ काही नाही.
बाहेर एक टेम्पो रिव्हर्स घेत राहिला.
डिंक तिच्या अंगठ्यावर वाळला,
तिनं तो सोलून काढला, सावकाश, पापुद्र्यासारखा.

"दुप्पट म्हणजे मी, आणि वर अजून एक मी.
म्हणजे हा पुढचा भाग माझ्याएवढा हवा.
तो तर बदलत नाही.
मग मीच होते त्याच्याएवढी."

तीस.
आत्ता दहा. वीस वर्षांनी.
वहीत लिहिलं, खाली दोनदा रेघ मारली,
दुसरी जरा वाकडी गेली.

मी चोरून, पावतीबुकाच्या मागे,
क्ष मांडून पाहिलं.
वीसच आले.
पण त्यात ती कुठेच दिसत नव्हती,
मीही नव्हतो,
नुसतं बरोबर होतं.

"आणि सारखे कधी होणार आपण?"
विचारलं, आणि माझ्याआधी
पट्ट्यांकडे बघून म्हणाली, "छे."

वीस वर्षांनी मी साठ.
तेव्हा लोक झेरॉक्स काढतील का, कुणास ठाऊक.
ती इंदुरात असेल का,
हा प्रश्न पुस्तकात नाही.

तिला त्या पट्ट्या मॅडमना दाखवायच्या होत्या.
"लॅमिनेट करून दे ना."
मी दोन्ही प्लास्टिकमध्ये ठेवल्या,
डावी बाजू जुळवली, तीन बोटं पुढे,
आणि गरम रोलरमध्ये सरकवल्या.

वीस रुपये, मी म्हटलं.
"लिहून ठेव," ती म्हणाली,
"वीस वर्षांनी घे."