डावा गुडघा, चोडण

बांबोळीच्या इस्पितळात डॉक्टर कुलासोबाईंनी
गुडघ्याच्या वाटीवर बोट दाबलं.
वाटी बुडाली आणि परत वर आली,
खाजनात बांधलेल्या होडीसारखी.
"पाणी," त्या म्हणाल्या.
मी म्हटलं, बाई, पाणी मला सांगू नका,
सदतीस वर्षं मानशीची दारं राखतोय.

मग सुई.
मान वळवा म्हणाल्या, मी वळवली नाही.
नळीत चढत गेलं पंचेचाळीस मिली,
भिजल्या पेंढ्यातून गळतं तशा रंगाचं.
रक्त नाही, पू नाही, चांगलंय,
असं त्या नर्सला म्हणाल्या, मला नाही.
गुडघा उतरला. माझंच हाड मला दिसलं,
गल्फहून परतलेल्या शेजाऱ्यासारखं,
ओळखीचं, थोडं परकं.
जिना उतरताना मी जवळजवळ शीळ घातली.

नवव्या दिवशी पुन्हा भरलं.

"उपसलं म्हणजे संपलं नाही, रोहिदास.
आत काहीतरी झिजतंय, म्हणून पाझरतंय.
ते शोधू. ताप आला, गुडघा लाल झाला,
तर मात्र त्याच दिवशी या."
मला आठवला कायतान,
शेतात मांडीभर खारं पाणी, भाड्याचा पंप,
आणि बांधावरून त्याला शिव्या घालणारा मी:
अरे, कुर्लीनं पाडलेलं भोक बुजव आधी,
नाहीतर मांडवी उपसत बसशील जन्मभर!
बाईंनी शिव्या तेवढ्या घातल्या नाहीत.

शेवंती बाजार उरकून फेरीबोटीनं येते,
पाटीच्या तळाशी उरलेला बर्फ
माझ्या पंच्यात बांधते. वीस मिनिटं, घड्याळ बघून.
मग रात्रीपर्यंत गुडघ्याला बांगड्याचा वास.
मांजर पायथ्याशी ठाण मांडतं.
या घरात एवढा मोठा मासा
त्यानं आधी पाहिला नव्हता.

पट्टी पोटरीपासून वर.
पहिल्या दिवशी तिनं अशी आवळली
की बोटं जांभळी पडली. सोडली, परत बांधली,
आत दोन बोटं जातील एवढी ढिली.
टाचेखाली दोन उशा, पाय काळजाच्या वर.
जन्मभर चिखलात होता हा पाय,
आता त्याला देव्हाऱ्यासारखा उंच ठेवलाय.

मांडी आवळायची, दहा मोजायचे, सोडायची.
उकिडवं बसायचं नाही.
म्हणजे दाराच्या सांध्यात काथ्या कोंबायचा नाही,
जाळ्यातली कोळंबी निवडायची नाही,
बांधावर बसून विडी ओढत
ओहोटी लागायची वाट बघायची नाही.
विडीचं बाईंनी वेगळं सांगितलं.

आज पुनव. मध्यरात्रीला उधाण.
आठ-साडेआठला मानस मिटायला हवी.
शेवंतीनं बॅटरी घेतली.
मी म्हटलं, तुला काय कळतं त्यातलं?
"सदतीस वर्षं तुमची पेज घेऊन
तिथं कोण येत होतं?"
आणि गेली.

मी पडलेला. कौलांवर पाल.
आवळतो, एक, दोन.
लांबून एक दार मिटल्याचा आवाज, धप्प.
दुसरं नाही.
पाच, सहा. काहीतरी अडकलंय,
लाकडाचा ओंडका, नारळाची झावळी,
दोरी उजवीकडून ओढ, उजवीकडून,
मी कोपरांवर उठतोय,
पाय उशीवरून घसरतोय,
मोजणी कुठे गेली कोण जाणे.

धप्प.

ती येते. साडीला चिखल,
हातात तीन कोळंब्या, कुठून कोण जाणे.
अंगणात उकिडवी बसते, पाय धुते,
तांब्यानं, सावकाश, कशाला न धरता.
मी दारातून तिच्या गुडघ्यांकडे बघत राहतो.
इतक्या वर्षांत कधी बघितले नव्हते.
"काय?" ती विचारते.
काही नाही, मी म्हणतो. बर्फ उरलाय?