मागची पानं

सोसायटीत मी डिझेलची वही लिहायचे:
होडीचं नाव, लिटर, तारीख, सही.
आता तसल्याच लाल पुठ्ठ्याच्या जुन्या वहीत, मागच्या पानांवर,
रडणं सुरू, रडणं बंद.
पुढे शेरा.

दिवस एकोणिसावा. सहा चाळीस ते नऊ पंधरा.
पाय पोटाशी, मुठी आवळलेल्या, तोंड जांभळं.
सहा चाळीसलाच का, ते कोणाला ठाऊक.
खाली हर्णैच्या बंदरात तेव्हाच लिलाव रंगात येतो,
सुरमईचा आवाज चढतो
आणि वर हिचा.

बाविसावा. बेंबीभोवती हिंग.
तेविसावा. ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकून.
चोविसावा. पावशांच्या ताईने मीठमोहरी उतरवली.
मोहरी तडतडली आणि संपली.
ही नाही.
सत्ताविसावा. एसटीने दापोली.
डॉक्टरांनी पोट दाबलं, कानात बघितलं,
म्हणाले, मुलगी ठणठणीत आहे,
तीन महिन्यांत आपोआप जातं.
परतताना मी बोटांवर मोजलं. त्रेसष्ट संध्याकाळी.
फाइलवर नुसतंच ‘यतीन चोगले यांची मुलगी’.
बारशाच्या वेळी सुतक आलं, मग राहूनच गेलं.

यतीन बर्फाच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
पहाटे येतो तेव्हा शर्टाला अमोनियाचा वास,
हात गारठलेले.
आधी ते स्वतःच्या काखेत धरून बसतो, ऊब येईपर्यंत,
मग तिला घेतो.
त्याच्या त्या बसण्याचाही मला राग यायचा.

आम्ही भांडलो ते चमच्यावरून.
औषधाचा चमचा उकळायचा कोणी राहिला.
तो म्हणाला, तू.
मी जे म्हणाले ते शेऱ्यात बसत नाही.
मग दोघंही तिच्याकडे बघत राहिलो,
जशी काही तीच घरातली मोठी,
आता निकाल देईल.

एक दिवस वहीत नाही.
तिला चटईवर ठेवली. दार ओढून घेतलं.
पायरीवर बसले, वाळत टाकलेल्या जाळ्यापाशी.
दीपगृहाचा उजेड भिंतीवरून जायचा, परत यायचा.
शंभर मोजून आत जायचं ठरवलं होतं.
एकेचाळीसला उठले.
माया आली म्हणून नव्हे.
आतला आवाज थांबला होता,
आणि ते जास्त भयंकर होतं.
ती दम खात होती फक्त.

दिवस चौतिसावा. रात्रीचा एक.
शालीत गुंडाळून तिला कारखान्यावर नेली.
दुसरं कुठे नेणार?
क्रशर चालू होता. लादी आत, चुरा बाहेर,
शंभर म्हातारे एकदम चणे फोडतायत असा आवाज.
ही गप्प.
डोळे टक्क उघडे, जन्मल्यापासून पहिल्यांदा
आपल्याशी कोणी नीट बोलतंय, असे.
यतीनने माझ्याकडे बघितलं. हसायची हिंमत दोघांनाही नाही.

मग बर्फ संपला. मशीन थांबलं.
हिने खालचा ओठ काढला.

शिवप्पा तिकडचा, विजापूरकडचा.
तीन मुलं गावी, तिन्ही वेळा हा इथे बंदरावर.
त्याने काही विचारलं नाही.
आकडा लावून नवी लादी ओढली.
धक्क्याला होडी नव्हती, गिऱ्हाईक नव्हतं,
पांढरा चुरा नुसता सिमेंटवर सांडत राहिला,
वितळून गटाराने समुद्राकडे गेला,
आणि माझ्या खांद्यावर तिची मान
जड होत गेली.

सकाळी त्याने पाटीवर खडूने लिहिलं:
एक लादी, फुटली.
मीही तेच उतरवून घेतलं.

दिवस एकावन्नावा. सुरू, सहा चाळीस.
बंद, आणि पुढे पेनाची लांब रेघ, पानाच्या खाली घसरलेली.
टोपण उशाखाली मिळालं.
चादरीवर शाई.
यतीन म्हणतो, आधी तू झोपलीस.
मी म्हणते, तू.
जिला माहीत आहे
ती सांगत नाही.