चार बोटं

माउनला पूर येतो तेव्हा आभाळ कोरडं असतं.
जुलैची पहाट, थंडीने ओठ फुटलेले,
आणि तिकडे अंगोलात कधीचा पडून गेलेला पाऊस
महिनोन्‌महिने वाळू चाटत, पपायरसमधून वाट काढत
आत्ता पोचतो.
घाई नसलेल्या पाहुण्यासारखा, सामानसुमानासकट.

रा मोखोमोत्सी गॅरेजात आले, टोपी काढली,
मांडीवर हात आडवा धरला, गुडघ्याच्या जरा वर:
पाणी इथवर.
मग तोच हात हायलक्सच्या दाराखाली धरला.
चार बोटं कमी पडत होती.

पलीकडे त्यांचं मोराका, एकवीस गुरं,
आणि मा सेआबेलो, जिचं कंबरेचं हाड
मेपासून दुखतंय.
गुरुवारी दवाखान्यात तारीख.

गाडी चौऱ्याऐंशी सालची. पुढे-मागे कमानपाटे,
वर्षानुवर्षं ओझं वाहून सपाट झालेले,
हसायचं विसरलेल्या तोंडासारखे.
नटांवर रात्रभर डिझेल ओतून ठेवलं.
तरी सकाळी एक यू-बोल्ट मानेतच मोडला
आणि खाओलाथेने त्याला आईवरून काहीतरी ऐकवलं.
पाट्यांच्या थरांत वाळू निघाली:
पांढरी, तांबडी, एक राखाडी थर
जो कुठला ते रांनाही आठवेना.

मी गाडीखाली, पाठीला गार सिमेंट.
नवे पाटे चढवले, लांब शॉकअप, लांब शॅकल.
चाक खाली सोडलं तर ब्रेकची नळी तार झाली.
"बघ," खाओलाथे म्हणाला, "एक वस्तू वर नेली
की तिला बांधलेलं सगळं ओरडतं."
नळी बदलली. शाफ्टचा कोन बदलला.
वळणावर सांभाळा, मी रांना म्हटलं,
आता ही डोक्याने जड झालीये.
त्यांनी मान हलवली, लक्ष नव्हतं.
हात दाराखाली धरून उभे होते,
चार बोटं, आणि वर हवा.

मी सोबत गेले. कुठे काही कुरकुरलं तर, म्हणून.
नदीत शिरलो, दाराशी पाणी आलंच नाही.
रा एकटेच हसत होते काचेतून,
पोरगं पहिल्यांदा पाण्यात पडून वर आल्यासारखे.

मा सेआबेलो झाडाखाली खुर्चीवर, मांडीत गाठोडं.
उठली. काठी टेकत आली.
गाडीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.
पाय उचलला, अर्ध्यावर थांबला.
पुन्हा उचलला.
"कुणासाठी चढवलीस रे ही?"
रा काही बोलले नाहीत. मीही माझ्या बुटांकडे पाहिलं.
सगळं मोजलं होतं आम्ही,
पाणी, पाटे, नळीची लांबी.

मग त्यांनी मागून फावडं काढलं.
डाव्या दोन चाकांपुढे वाळू उपसू लागले.
सत्तरीचा माणूस, स्वेटर काढून, थंडीत.
मी फावडं मागितलं, दिलं नाही.
मध्ये एकदा हात घालून खोली पाहिली,
मग आणखी थोडं.

गाडी हळूच पुढे घेतली.
डावी बाजू खड्ड्यांत उतरली,
गाय बसताना आधी गुडघे टेकते तशी.
मा आत बसली. गाठोडं वर घेतलं.
"हं," म्हणाली, "आता बाहेर कशी काढणार?"

लो गिअरला, दोनदा मागे, दोनदा पुढे,
सगळ्या मोराकावर धूर करून काढली.
शेळ्या लांब जाऊन बघत उभ्या.

परतताना अंधार पडला, दिवे लावले
आणि प्रकाश रस्त्यावर पडेना.
मोपाने झाडांच्या शेंड्यांवर पडला,
एक घुबड डोळे मिटून बसलं होतं, त्याच्यावर.
गाडी वर गेली, तशी दिव्यांची नजरही.
तो स्क्रू फिरवायला मी विसरले होते.

"राहू दे," मा सेआबेलो म्हणाली,
"रस्ता त्याला पाठ आहे."