दोन पॉइंट आठ की दोन पॉइंट चार

परभणीच्या स्टेशन रोडला, गट्टाणींच्या दुकानात
लाईट गेलेली, आणि माझ्या हातात दोन कोटेशनं.
एकावर दोन पॉइंट आठ, बस पाचशे तेहतीस.
दुसऱ्यावर दोन पॉइंट चार, बस आठशे,
आणि वर नऊशे रुपये जास्त.

"बस कुठली? गंगाखेडची?" इर्शाद म्हणाला,
"ती सव्वातीनला आहे."
गट्टाणी हसले नाहीत.
"गिऱ्हाईक गिगाहर्ट्झ विचारतं," म्हणाले,
"बसचं तुम्हीच पहिले."

मला जिनिंग आठवली.
तीन हंगाम मी काट्यावर पावत्या फाडल्या तिथं.
एका दिवाळीला शेठनं आठ नवीन जिन बसवले.
घरघर एवढी, की ऑफिसातला चहा बशीत सांडायचा.
पण आत कापूस नेणारा पट्टा जुनाच,
वीतभर रुंद वाटावा असा,
त्याच्या तोंडाशी त्याच सहा बाया.
रोलर नुसते फिरायचे,
आणि फाटकाबाहेर ट्रॅक्टर पार वसमत रोडपर्यंत.
कोंडाबाई सरकी झटकत म्हणायची,
"दात लै झाले बगा. घास कुठंय?"

माझ्या दुकानात वाढदिवसाचा बॅनर उघडतो तेव्हा
एका भाऊंच्या खाली चाळीस शुभेच्छुक,
प्रत्येकाचा गॉगल वेगळा.
तेवढ्यात पडद्यावर वाळूचं घड्याळ येतं.
भाऊंची माणसं बाकावर, मी खुर्चीत,
सगळे त्या घड्याळाकडं.
इतकी वर्षं मला वाटायचं, ते विचार करतंय.
रिकामं फिरत असणार.

तरी नऊशे म्हणजे शंभर पत्रिकांची मजुरी.
शिवाय समोरच्या बालाजी डिजिटलनं तीनचा घेतलाय,
काचेवर तसा कागदही चिकटवलाय.
उद्या कुणी विचारलं, किती आहे तुमचा,
तर मी काय, पट्ट्याची रुंदी सांगू?

लाईट आली. पंखा गरगरला,
दोन्ही कोटेशनं टेबलावरून उडाली.
इर्शादनं एकच उचललं,
कुठलं ते न बघता माझ्याकडं दिलं.
मी ते ठेवलं, खाली वाकून दुसरं घेतलं.
"आठशेवालं."

"आत्ता नाही," गट्टाणी म्हणाले,
"बोर्ड औरंगाबादहून येईल. गुरुवारी.
एसटीच्या पार्सलनं."
पाचशे ॲडव्हान्स दिले.
पावतीवर त्यांनी लिहिलं, संगणक एक नग.
स्पीड लिहिला नाही, बसही नाही.
सव्वातीनची आमची
पावणेचारला लागली.