गुलाबी पेशी

लाँग आयलंडवर, बटाट्याच्या शेतांना लागून
आमचं काचघर.
फुलं सकाळी उमलायची
आणि दुपारी त्यांचं पाणी व्हायचं.
मोजायचं ते तेवढ्या वेळात.

एका फुलाला सहा पुंकेसर, पुंकेसरांवर लव,
लवेचा एकेक केस म्हणजे
एकीपुढे एक ओवलेल्या निळ्या पेशी.
त्यात एखादी गुलाबी निघाली
की अंगठ्याखालचं बटण दाबायचं. टक्.
किरण दिल्यावर दोन दिवस काहीच नाही,
आठ दिवस काहीच नाही.
तेराव्याला दिसतं काय गेलं ते.

माझ्या शेजारच्या स्टुलावर यादविगा झाब्लोत्स्का.
बावीस वर्षं तिने शेतावर बटाटे निवडले होते.
"काम तेच गं," म्हणायची,
"डागी ओळखायचा. बटाटा तेवढा लहान झाला."

डावीकडच्या कुंड्यांना क्ष-किरण,
उजवीकडच्यांना न्यूट्रॉन.
मात्रा अगदी सारखी, डॉक्टर व्हिटबेकनी
तीनदा ताडून पाहिलेली.
तरी उजवीकडे टक् टक् टक्
थांबायचं नाव नाही.

मी नवी होते. म्हटलं, मापात घोळ असेल.
शेरभर कापूस, शेरभर खिळे,
वजन एकच ना?

तिने स्वेटर काढून मांडीवर पसरला.
"सुईने टोच. इथे टोच, तिथे टोच, हजार वेळा टोच.
एखादा धागा तुटेल,
पण शेजारचा शाबूत असतो, तो वाट सांगतो
कुठून कुठे जायचं.
रात्रीत रफू होतो.
आणि हा कोपर बघ, कुंपणाच्या तारेत अडकला होता.
इथे दोन्ही धागे एकाच जागी गेले.
आता कुणाचं टोक कुठलं?"

पेशीही रफू करतेच,
घाईघाईत, भलती टोकं भलत्यांना बांधून.
जी मरते ती आपली चूक सोबत नेते.
जी जगते,
तिच्यासाठी हे बटण.

जेवणाच्या सुट्टीत मी पुस्तकातलं वाचून दाखवलं:
अल्फा कण. हवेत चार बोटंही जात नाही.
कागदाने अडतो.
कातडीच्या मेलेल्या थराने अडतो.
"बिचारा," मी म्हणाले.

ती हसली नाही.
उत्तरेच्या काचेकडे बघत राहिली.
तिकडे खाडी, खाडीपलीकडे वॉटरबरी,
जिथे तिची आई, ब्रोनिस्वावा,
घड्याळांच्या तबकड्या रंगवायची.
ओठांनी कुंचल्याला टोक काढायचं, मग बारा.
ओठांनी टोक, मग एक.
ओठांनी टोक, मग दोन.
पगार तबकडीवर.
शनिवारी नाचायला जाताना पोरी
दातांना लावायच्या तो रंग,
अंधारात हसायच्या.

रेडियमला हाड आपलंच वाटतं,
कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतं.
सदतिसाव्या वर्षी जबड्याचा एक तुकडा
जेवताना रुमालात आला.

"कागदाने अडतो, खरंय,"
यादविगा डबा बंद करत म्हणाली,
"पण आत गेल्यावर
कागद कुठे धरायचा?"

तिसरी रांग राहिली होती,
ज्यांना काहीच दिलेलं नव्हतं त्या कुंड्यांची.
पुष्कळ वेळ निळं, निळं, निळं.
आणि मग टक्.
"ही कुणामुळे?" मी विचारलं.
"कुणामुळेच नाही. होतं असं."
पण तिने ती नीट लिहून घेतली, वेगळ्या रकान्यात.
आधी ही वजा करायची,
मग दुसऱ्याच्या नावावर काय घालायचं ते घालायचं.

बारा वाजले. फुलं विरघळायला लागली,
बोटांना निळं पाणी.
मी बेरीज करायला बसले,
आकडा अडला म्हणून नकळत
पेन्सिलचं टोक ओठांत धरलं.

तिने वर न बघता हात पुढे केला
आणि पेन्सिल काढून घेतली.