ओला डबा

सव्वासातला कचऱ्याची गाडी येते गाणं वाजवत.
त्याआधी माझी वेणी झालेली असते.
हिरवा डबा एका हातात, निळा कोपरात अडकवलेला,
रामबागेतल्या या एकोणचाळीस पायऱ्या.
कठडा धरते. माणूस धरत नाही.

दारावर पाटी आहे: कु. हेमलता खासगीवाले.
हे 'कु.' एकोणऐंशी वर्षांचं झालं
आणि आपलं वीजबिल आपण भरतं.
म्हणजे, भरायचं. आता खिडकीच बंद.
बँकेतल्या यंत्राला माझा अंगठा पटत नाही;
खडू धरून धरून रेषा झिजल्या, म्हटलं.
तो पोरगा म्हणाला, "माताजी, घर से किसी को ले आइए."
घरून कोणाला आणू?
घर म्हणजे मीच.

खालचा बाक काढला. तिथे स्कूटर उभ्या.
"ग्रुपवर टाकलं होतं की, आजी."
कोजागिरीचं दूधही ग्रुपवरच आटलं,
मला गच्चीवरून नुसता वेलदोड्याचा वास.
वाईट कोणी नाही हो.
जिन्यात भेटले की फार मोठ्यांदा बोलतात,
जशी काही मी परगावी राहते.

भाचा म्हणतो, मावशी, आमच्याकडे ये.
तिथे माझ्या चहातली साखर सूनबाई ठरवणार.
मी म्हणते, बघू.

गाडीवर सुगना असते.
डबा उलटा करण्याआधी ती आत बघते.
"दीदी, कल बी दो छिलके, आज बी दो. खाती हो के नी?"
एकटीचं किती असणार गं, मी म्हटलं.
मराठीतच. तिला समजलं.

तेव्हापासून मी मटार आणते, दोडका आणते,
ज्याची सालं जास्त निघतात असं काहीबाही.
दाणे संपायला तीन दिवस लागतात.

मंगळवारी गुडघा उठू देईना.
गाणं खिडकीखाली आलं आणि तिथेच राहिलं,
पहिल्यापासून पुन्हा, पुन्हा पहिल्यापासून.
गॅलऱ्यांतून माणसं वैतागून डोकावली.
मग सुगनाची हाक: "ओ हेमलता दीदी!"
सगळ्या माना वर.

येते गं, येते.
बसत, उठत, एकोणचाळीस.
तिने डब्यात पाहिलं. शेंगाच शेंगा.
माझ्याकडे पाहिलं.
"मटर कित्ते में दिए?" म्हणाली,
आणि डबा उलटा केला.