वाघरीतली मोजदाद

वाघरीच्या आत एकशे चौदा.
ठकूबाई बिडगर म्हणाल्या, सोळा लिहा,
दोघी आज-उद्यात व्यायच्यात.
मी चौदाच लिहिलं.
पोटातलं धरायचं नाही, असं आम्हाला सांगितलेलं.

नांदूर मधमेश्वरचं पाणी
मार्गशीर्षात मागं सरतं
आणि काठाला बोटभर हिरवं ठेवून जातं.
आजूबाजूला सगळं पिवळं,
तेवढीच एक ओली पट्टी.
तिथं गोगलगायीच्या पोटातून निघालेलं काहीतरी
पात्याला चिकटून बसतं
मेंढीच्या जिभेची वाट बघत.
मला त्याचं नाव येतं,
ठकूबाईंना त्याची वेळ:

"दव उतरल्याबिगर तिथं तोंड घालू देऊ न्हाई.
पर उन्हं वर आली का राखणदार येतोय काठी घिऊन.
मंग पहाटंच न्यावं लागतंय."

माझ्या फॉर्मवर रकाने होते.
पाणी कुठलं. कळपात बाहेरचं जनावर मिसळलं का.
जंताचं औषध शेवटचं कधी.
पोळ्याला.
कुठलं?
पांढऱ्या बाटलीतलं. दर साली तेच.
किती पाजलं?
"मोठीला बूचभर, धाकटीला अर्धं,
गाभणीला देवाचं नाव घिऊन."
राखणदाराच्या काठीसाठी रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं, बारीक.

खाली कांद्याचं रान.
रात्रभर मेंढ्या बसवायच्या,
मालक त्याची बाजरी मोजून देतो,
लेंड्यांसाठी.
मी त्यातल्याच पाच-पाच ग्रॅम
प्लास्टिकच्या पिशव्यांत भरत होते, फुकट,
प्रत्येकीवर आकडा.
नातू भिवा घोडीच्या पाठीवरून हसला:
"आजे, लेंडीबी आता तालुक्याला चालली."

मग मी ते कार्ड काढलं.
पाच रंग, लाल ते पांढरा,
पापणी उलटायची आणि जुळवायचं.
ठकूबाईंनी कार्डाकडे पाहिलंही नाही.
अंगठ्यानं एकेकीची पापणी खाली ओढत गेल्या:
ही बरी. ही बरी. ही फिकी.
काळतोंडी बरी.
भुरीपाशी थांबल्या.
तिच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबत होती,
मऊ, थंड.
बोट दाबलं, खळगा पडला,
सावकाश भरून आला.
"ही काठावर जास्ती चरती. हावरी."
हे रागावून नाही म्हणाल्या.

मी वाकून लिहीत होते
तेवढ्यात त्याच अंगठ्यानं
माझी पापणी खाली ओढली.
लोकरीचा, धुराचा वास.
"तुझीबी पांढरीच की गं.
तुला कोण बघतंय?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कार्ड पिशवीत टाकलं.

नाशिकला, ट्यूबलाइटखाली,
मिठाच्या पाण्यात लेंडी कालवली
की गोल जंतांची अंडी वर येतात,
मोजता येतात.
चपट्यांची जड.
ती तळाशी बसतात, पिवळी,
वरचं पाणी पुन्हा पुन्हा ओतून
गाळात शोधावी लागतात.
भुरीच्या पिशवीत सापडली.
आणखी एकतीस पिशव्यांत सापडली.
साहेबांनी टक्केवारी काढली
आणि विचारलं, समासात हे काय खरडलंय?

आठ दिवसांनी फोन लागला.
मागं घाटातल्या ट्रकांचा आवाज,
घंट्या, भिवाचं ओरडणं.
मी औषधाचं नाव सांगत होते, वजनावर किती,
बुचानं नाही, वजनावर,
काठाचं गवत टाळा...

"दोघी व्याल्या," त्या म्हणाल्या.
"एक नर, एक मादी.
भुरी गेली, कसाऱ्याच्या अलीकडं.
एकशे पंधरा लिहा."

फॉर्म कधीच जमा झालेला.
टेबलावर कागद नव्हता.
तळहातावर लिहिलं.